टहाळ वेचताना

चौक, ता. १२ डिसेंबर १९४४

ति. वन्सं यांस,
चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

आई बऱ्या आहेत. भात झोडून झालं, पेंढाही रचला. खुशाली एवढीच, आता रागाचं लिहिते.

तुमच्या भावाला तुमच्या स्वाधीन करून दोन महिने झाले. चैत्रात मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात माझा भाऊ जयवंता गेला आणि त्याच्या बरोबरीने काम करणारे हे वाचले. घरी आले ते गप्पच. सहा महिने मी ऊन भाकरी पुढे ठेवली, पाय चेपले, रोज विचारलं की मनात काय आहे ते सांगा. हो-नाहीपलीकडे शब्द नाही. कर्जतचे वैद्य म्हणाले की यावर पुडी नाही, रानात धाडा, म्हणून तुमच्याकडे धाडलं. आता बाजारात तुमच्या गावची हिरू भेटली, तर म्हणते, कोंदिवड्याला आबाजी चांगले हसतात-बोलतात.

मला हेवा वाटतो, वन्सं. तुमच्या हाताला अशी कोणती चव आहे ते कळवा. सगळा लोभ तिकडेच साठला आहे, थोडा इकडे धाडावा.

तुमची भावजय,
चंद्रा

कोंदिवडे, ता. २० डिसेंबर १९४४

चि. सौ. चंद्रास,
विमलचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. माझ्या हाताला चव असती तर आमच्या घरी रोज वरून मीठ मागितलं नसतं.

आबाजी माझ्याशीही बोलत नाही गं. बोलतो तो नागूशी. नागू वरच्या वाडीतला म्हातारा ठाकर, त्याचे दोन मुलगे पटकीत गेले. सध्या भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजण्यासाठी झाडांचा टहाळ तोडायचे दिवस आहेत. आबाजी ऐनाच्या झाडावर चढून कोयत्याने फांद्या पाडतो, नागू खाली गोळा करून भारे बांधतो. खालच्याने वर बघायचं नसतं, डोळ्यांत कचरा जातो. नागूचं म्हणणं असं की मन खचलेल्या मानसाला काय इचारू नाय, त्याच्या तोंडाकडं बगू नाय. हाताला काम आन् भोवती रान असलं की तो आपसूक मोकळा व्हतो. आणि खरंच, आबाजी झाडावरून बोलतो. त्या दिवशी एक भाकरी जास्त खातो.

सख्खी बहीण मी, आणि पोटातलं ऐकतो नागू. तेव्हा हेवा करायचाच तर दोघी मिळून करू. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

विमल

चौक, ता. ३ जानेवारी १९४५

ति. वन्सं यांस,
शि. सा. न.

तुम्हाला हसू सुचतं. लग्नाला नऊ वर्षं झाली. भाऊ माझा गेला, आणि ह्यांनी दुःख सांगायला शोधलं झाड, ऐकायला शोधला परका म्हातारा. मी कुणीच नाही का? तिथे माझी गाऱ्हाणी सांगत असतील तर तसं स्पष्ट कळवा. माहेरची माणसं मला न्यायला तयार आहेत. गेले तर परत येणार नाही.

मी वाईट म्हणा, पण मला त्या झाडाचाही मत्सर वाटतो. मुळातून तोडावंसं वाटतं. तुमच्यावरही राग आहे, पण तुम्ही थोरल्या, म्हणून नमस्कार करते.

चंद्रा

कोंदिवडे, ता. ११ जानेवारी १९४५

चि. सौ. चंद्रास आशीर्वाद.

नागूच्या पायात काटा मोडला, म्हणून काल टहाळ वेचायला मी गेले. खाली मी आहे हे आबाजीला ठाऊक होतं, तरी बोलला. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. जे ऐकलं ते जयवंताचं आहे, म्हणजे तुझं आहे. ते तुला माझ्या अक्षरातून कळणं बरं नाही.

माहेरी जायचं तर जा, पण आधी इकडे ये. टहाळ वेच. विचारू नकोस, वर बघू नकोस. तुझ्या जिभेला हे जड जाणार, ठाऊक आहे. रागातसुद्धा मला आपली समज.

विमल

चौक, ता. ३० जानेवारी १९४५

ति. वन्सं यांस,
चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं परवा सुखरूप पोचलो. निघताना मी तुमच्याशी धड बोलले नाही, मनात ठेवू नका.

दोन दिवस तोंड मिटून टहाळ वेचला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी वरून सांगितलं. स्फोटाच्या दिवशी सकाळी जयवंताला ताप होता, खोलीवर पडून राहतो म्हणत होता. ह्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि गोदीत नेलं. एवढं बोलून थांबले. तुम्हालाही एवढंच सांगितलं असेल.

उरलेलं मला ठाऊक होतं. त्याच्या पंधरा दिवस आधी मीच ह्यांना पत्र लिहिलं होतं, की जयवंता कामचुकार आहे, दुखण्याची सोंगं करतो, त्याचं ऐकू नका, ओढून कामावर न्या. इतके महिने मी विचारत होते की मनात काय आहे. मनात माझं पत्र होतं, आणि ते मला कळू नये म्हणून हे गप्प होते. मी वर बघितलं आणि म्हटलं की ते तर मीच लिहिलं होतं. हे म्हणाले, कसलं पत्र, मला नाही आठवत. मग खाली उतरले आणि माझा भारा उचलून चालू लागले.

माहेरी गेले नाही. आईला काय तोंड दाखवू?

हे आता घरात बोलतात, गुरांशी, आईंशी, माझ्याशीही. गप्प मी आहे. तुमचा आणि नागूचा हेवा सरला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? आता मला ह्यांचा हेवा वाटतो. ह्यांचं सांगून झालं.

तुमच्याकडे टहाळ तोडायचा राहिला असेल तर मला चार दिवस बोलवा. मला झाडावर चढता येत नाही. तुम्ही पाठ करून बसलात तरी चालेल.

तुमची,
चंद्रा