आपायचं वजन

८ एप्रिल, मंगळवार

तानाबाई गेल्या. सकाळी त्यायच्या पोराचा फोन आला, रडत रडत बोलत होता. मी ऐकून घेतलं, "हो का" म्हटलं, फोन ठेवला. आन् लगेच राजकुमारले विचारलं — दोन नंबरची मशीन रिकामी झाली, आता वेटिंगमधलं कोणाले घ्यायचं?

राजकुमार आमच्या डायलिसिसच्या खोलीतला टेक्निशियन. मशीन त्याच्याकडं, बाकी सगळं माझ्याकडं. असा पाहत राह्यला, जसं काय मीच तानाबाईचा गळा दाबला! काऊन बे, काय पाहतो? या खोलीत हे पहिल्यांदा होऊन राह्यलं का? तीन वर्षं त्या बाईनं माझ्याच हातानं सुया टोचून घेतल्या. मले वाईट वाटायले पाहिजे होतं. नाही वाटलं. दुपारी डबा खाल्ला. भाजीत मीठ कमी होतं, तेवढं लक्षात राह्यलं.

१० एप्रिल, गुरुवार

डोकं फुटायची वेळ आली! किती वेळा तोंडाची वाफ दवडायची? किडनी बंद, लघवी होत नाही, पेलेलं पाणी अंगातच साचते. म्हणून दिवसाले दोन-अडीच ग्लास, बस. आल्या आल्या काट्यावर उभं राह्यचं. मागच्या वेळेपेक्षा वजन जेवढं जास्त, तेवढं पाणी मशीननं काढायचं. याच्यात न समजण्यासारखं काय आहे?

नूरजहां आपा देऊळघाटहून येतात. आज काट्यावर चढल्या — चार किलो जास्त! मी सगळ्यायसमोर म्हटलं, "आपा, गावातली विहीर पिऊन आल्या का?"

"ऊन लय आहे ना बेटा, घसा सुकून राह्यला."

"मग सुकू द्या! छातीत पाणी भरलं तर मले नका बोलवू."

असं बोलली मी. साठीच्या बाईले. मागून जानराव आले, मेहकरकडचे. ते शेतातलं टरबूज खाऊन आलेले, वरून हसत हसत सांगतात! त्यायलेही झापलं.  बाकीचे मान खाली घालून काट्यावर चढले.

आपा जाताना दरवेळी "येते डिंपल बेटा" म्हणतात. आज म्हणे "येते सिस्टर". जाऊ दे. मले काय त्याचं!

१२ एप्रिल, शनिवार

बदलीचा अर्ज दिला. केसपेपरच्या खिडकीवर बसवा, औषधाच्या स्टोअरमध्ये बसवा, कुठंही बसवा. फक्त जिथं कोणी मरत नाही तिथं.

१५ एप्रिल, मंगळवार

मानलं बुवा! आज एकाचंही वजन वाढलेलं नाही. आपायचं तर अर्धा किलोसुद्धा जास्त नाही!

दुसरी सिस्टर जानेवारीत गेली, तिच्या जागी अजून कोणी आलं नाही. तेव्हापासून मी टेबलापाशी सुया, औषधं काढत बसते, पेशंट खिडकीजवळच्या काट्यावर एक एक करून चढतात आन् तिकडूनच आकडा ओरडतात. मी लिहून घेते. आज एकामागून एक चांगलेच आकडे. डॉक्टर फाईल पाहून म्हणाले, "सिस्टर, काय जादू केली?"

जादू कशाची! गोडीत सांगितलेलं कोणाले पचत नाही. चार शब्द वाकडे बोलले की बरोबर समजते.

१७ एप्रिल, गुरुवार

ऐन ड्युटीत ट्रेनिंग! राजकुमारच्या भरवशावर खोली सोडून हॉलमध्ये जाऊन बसली. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, चांगली कडक साडी. पडद्यावर लिहिलं — करुणेचा थकवा. रोज दुसऱ्याचं दुःख पाहून पाहून माणूस आतून आटत जाते म्हणे. आधी चिडचिड करते, मग पेशंटले नावाऐवजी नंबरानं बोलवते, मग त्याले काही वाटेनासंच होते. मी मान खाली घालून ऐकत होती. माझीच कुंडली वाचून राह्यली का ही बाई!

आन् उपाय काय? खोल श्वास घ्या. छंद जोपासा. संध्याकाळी मोकळ्या हवेत फिरा. मले राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, आमाले एक सिस्टर द्या, श्वास आपोआप खोल होईन." सगळे हसले. मॅडमनं पुढचं चित्र लावलं — समुद्रकिनारा. बुलढाण्यात!

परत आली तर आपा खोकून राह्यल्या होत्या. विचारलं तर म्हणे, "काई नाही, धूळ गेली." वजन बरोबर होतं. सोडून दिलं.

१९ एप्रिल, शनिवार

आमची काजल परवा सायकलवरून पडली. गुडघा चांगला फुटला. मले आज समजलं! पोरगी दोन दिवस घरात पाय ओढत चालत होती आन् मले दिसलं नाही. मी नर्स! आमच्या यायनंच पट्टी बांधली होती, वाकडीतिकडी. मी यायच्यावर चिडली, मले काऊन सांगितलं नाही म्हणून. म्हणाले, "तीच म्हणाली, पप्पा, मम्मीले नका सांगू, ती लय चिडते."

पट्टी सोडली, जखम धुतली, नीट बांधली. काजल हूं की चूं करत नव्हती. पेशंटपेक्षा शहाणी बसली होती. नऊ वर्षांचं लेकरू. मले तिचाही राग आला आन् माझाही.

२२ एप्रिल, मंगळवार

आपायचा चेहरा आज सुजल्यासारखा वाटला. चपलेत पाय मावत नव्हता, टाचा बाहेर. "आपा, बरं आहे ना?" "एकदम बरं. तुम्ही तुमचं पाहा." काट्यावरून आकडा ओरडल्या — नेहमीसारखाच.

कानातली नळी छातीले लावून ऐकायले पाहिजे होतं. दोन मिनिटांचं काम. पण आकडा बरोबर, टेबलावर सुया वाट पाहून राह्यल्या, तिकडं चार नंबरची मशीन बोंबलत होती. नाही लावली.

२३ एप्रिल, बुधवार

आपायले घेऊन जावेद सकाळीच ऑटोतून आला. त्यायचा मोठा पोरगा. आपा बसल्या बसल्या तडफडत होत्या, झोपता येईना, ओठ निळे, तोंडाले फेस. छाती पाण्यानं भरलेली! ऑक्सिजन लावला, राजकुमारनं एका पेशंटची मशीन मधेच सोडवून आपायले लावली. डॉक्टर ओरडून राह्यले, "एवढं पाणी आलं कुठून? काल वजन नॉर्मल लिहिलंय तुम्ही!" मी काय सांगू? मले जे ओरडून सांगितलं ते लिहिलं!

पाणी काढून काढून श्वास थोडा थाऱ्यावर आला, मग ॲम्ब्युलन्समधून संभाजीनगरले पाठवलं. दार लावताना जावेदनं विचारलं, "सिस्टर, वाचन ना मां?" मी दाराची कडी लावली. घाटातून गाडी उतरत असन तेव्हा मी इकडं पुढच्या पेशंटची सुई टोचत होती. सुई चुकली. कित्येक महिन्यांनी चुकली.

२४ एप्रिल, गुरुवार

समजलं.

आज टेबलापाशी बसली नाही. काट्यापाशी जाऊन उभी राह्यली. जानराव चढले. मले पाहून त्यायचा चेहरा उतरला, पण सवयीनं डावा हात खिडकीच्या गजावर गेलाच! गज धरून अंग वर उचललं की काटा खाली येते. सरळ. मागं उभ्या बाईनं पदर पसरला होता, टेबलावरून हात दिसू नये म्हणून. रांग केलेली, तयारी केलेली!

"हात काढा!" मी ओरडली. हात काढला तर काटा झटक्यात वर गेला.

म्हणजे चांगले आकडे नव्हतेच. सगळे उरलेलं पाणी घेऊन घरी जात होते आन् मी इकडं स्वतःची पाठ थोपटून घेत होती. आपायच्या अंगात तर आठवडाभर साचत गेलं असन. जानरावले हलवून विचारलं, "जिवाशी खेळ आहे हा! काऊन केलं?"

जानराव खाली पाहत म्हणे, "आमी नाही सांगणार. आपायले विचारा."

आपा व्हेंटिलेटरवर. कोणाले विचारू? आन् विचारायचं तरी काय, माहीतच आहे. माझ्या तोंडाले भेले. एका म्हाताऱ्या बाईनं माझी बोलणी खाण्यापेक्षा बुडून मरणं पत्करलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरकडं गेली. म्हटलं, सुट्टी पाहिजे. म्हणाले, "आत्ता? माणसं कुठं आहेत सिस्टर? थोडं सांभाळून घ्या." थोडं सांभाळून घ्या! जानेवारीपासून दुसरं काय करून राह्यली मी? टेबलावर हात आपटला. म्हटलं, "सर, मी थकली नाही, मी खराब झाली. माझ्या हातून माणूस मरन. काजलचा गुडघा मले दिसला नाही, आपायची सूज दिसून दिसली नाही. मले या खोलीतून काही दिवस काढा, नाहीतर लिहून द्या की काही झालं तर जबाबदारी तुमची."

 मग म्हणाले, वॉर्डातली एक सिस्टर मागतो, पुढच्या आठवड्यात पाहू. पाहू! पण या खेपेले "सांभाळून घ्या" म्हटलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

काटा उचलून खोलीच्या मधोमध ठेवला, जिथं धरायले काही नाही. खरे आकडे आले — भयंकर. मी तोंड उघडलं नाही. रागावली तर हे लपवतात, आन् गोड बोलायचं तर मनात गोडवा कुठं आहे? जानराव काट्यावर तसेच उभे. शिव्यांची वाट पाहत होते बहुतेक. शेवटी त्यायनंच विचारलं, "बाई, बोला ना काहीतरी."

संभाजीनगरचा फोन नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

आपायची व्हेंटिलेटरची नळी काढली! जावेदनं फोन लावून आपायच्या कानाले दिला. आवाज पार बारीक. मी म्हटलं, "आपा, माझ्या भीतीनं जीव घालवला असता तुम्ही."

तिकडं खोकला, का हसू, समजलं नाही. "भीती? तुझी? तू काय वाघ आहे बेटा! तानाबाई गेली ना, त्या दिवशी तुझं तोंड पाह्यलं मी. मीच बोलली सगळ्यायले, गज धरा म्हणून — पोरगी आतून संपून राह्यली, तिले अजून एक वाईट बातमी नको."

मी फोन कानाले दाबून तिथंच खाली बसली. पलीकडून आपा दम खात खात म्हणत होत्या, थांब, ठेवू नको फोन, मी आहे.