अकरावी मेथड आणि मामांचा डोळा

तीर्थरूप मामांना,
गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (डोळ्याचं मुद्दाम विचारत नाही, हे पत्रच डोळ्यासाठी आहे.) सोमवारी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दवाखान्यातून फोन आला, ही बातमी तुम्ही सगळ्या नातेवाइकांत पोचवलीत. ती ऐकून मी तडक दवाखाना गाठला. घाबरू नका, डॉक्टर चांगले आहेत. घोळ माझा आहे.

मी जावास्क्रिप्टची लायब्ररी लिहिली, म्हणजे तयार कामांचा एक संच. दुसरे प्रोग्रामर तो उचलून वापरतात. त्यात याद्या हाताळायच्या अकरा मेथड, म्हणजे अकरा तयार कामं, आहेत. दहा जणी मूळ यादीला बोट लावत नाहीत, हवी तशी नवी यादी करून देतात. अकरावी, क्रम लावणारी, मूळ यादीच हलवून ठेवते. का, तर त्या दिवशी मला घाई होती आणि शहाणपण उतू चाललं होतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी बजावलं होतं, "दहांवर विश्वास बसला की अकरावीची माहिती कुणी वाचत नाही." मी म्हटलं, वाचावी की. (तेही ऐटीत.)

तुमच्या दवाखान्याच्या प्रोग्रामरने हीच लायब्ररी वापरली आणि अकरावीची माहिती वाचली नाही. स्वागतकक्षातल्या ताईंनी फोन नंबर पटकन सापडावेत म्हणून नावं अकारविल्हे लावली, तर ऑपरेशनची रांगच अकारविल्हे होऊन बसली. तुमचं नाव 'अ'वरून. मेथड मी दुरुस्त केली, जुनी रांगही सापडली, पण फोन गेले ते गेले. मोठे डॉक्टर म्हणतात, बोलावलेल्या पेशंटला आम्ही परत पाठवणार नाही, तो आपणहून थांबला तरच. मुदत उद्या दुपारपर्यंत. काल तुम्हाला तीनदा फोन केला आणि तुमचा खुशीतला आवाज ऐकून तिन्ही वेळा हवापाण्यावर बोलून ठेवला. मला माझीच लाज वाटते, म्हणून हे पत्र आजच हातोहात धाडतोय.

आपला,
भाचा

ता. क. तुमचा खरा नंबर अडतिसावा. पहिला नंबर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा आहे. सुईत दोरा ओवता येईना म्हणून चार महिने त्यांचं मशीन बंद आहे. मामा, तुम्ही थांबाल का?

आणखी एक ता. क. मामी, पत्र तुम्हीच वाचून दाखवताय, तेव्हा एवढं मनातल्या मनात वाचा. मामांच्या नावाने 'थांबतो' असं मी आज सकाळीच दवाखान्यात कळवून आलोय. ते आपणहून हो म्हणेपर्यंत काही बोलू नका.