ठकीच्या जागी

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. हेलिकॉप्टर आपटलं तेव्हा दुखावलेला मणका आता फक्त वाकताना-चढताना आठवण करून देतो. डॉक्टरांनी उडायला कायमची मनाई केल्यावर वाटलं होतं, आता ऑफिसात कागद सरकवत बसायचं. तर वरिष्ठांनी ड्रोनची अख्खी स्क्वाड्रन हातात दिली. बंद पडलेल्या चपलांच्या कारखान्याचं तळघर हे आमचं विमानतळ. भिंतींना अजून चिकटद्रव्याचा वास येतो. पडद्यांसमोर बसलेल्या पोरांपैकी एकही कधी स्वतः आकाशात उडालेलं नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं खुर्चीत पट्टा शोधला, तेव्हा सगळी हसली. तेव्हापासून माझं नाव आजोबा.

तुझी ठकी इथेच आली ती योगायोगानं, मी मागून घेतली नाही. कामावर मला सर म्हणते आणि जेवताना मामा म्हणून माझ्या ताटातलं उचलते. हात असा हलका, की ड्रोन खिडकीतून आत नेऊन परत आणते. तिच्या शेजारी लंबू बसतो. आधी टीव्ही दुरुस्त करायचा. यंत्र अडलं की त्याच्याशी लाडीगोडीनं बोलतो, आणि ते ऐकतंही.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आजोबा झालास, बरं झालं. लहानपणापासून तसाच वागायचास. तुझ्या उडण्यापायी माझे केस पांढरे झाले, म्हणून पोरगी तळघरात बसून काम करते हे मी शेजारणीला अभिमानानं सांगत होते. पण परवा फोनवर ती बोलता बोलता बोलून गेली, की अँटेना हलवायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. मी खोदून विचारलं तर विषय बदलला.

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आम्हाला माणसं दिसत नाहीत, त्यांच्या चादरी दिसतात. साबण पुरत नाही, म्हणून हल्ली डागासकट वाळत घालायला सांगितलंय. बाहेर काय चाललंय ते मला कळतं. एकच मागते. तिला टाकीवर पाठवू नकोस. तिला बाप नाही.

तब्येतीला जप.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

तू मागितलंस ते मला देता येणार नाही. ड्रोन चालवणारी अँटेना एकाच जागी राहिली तर शत्रू तिच्या लहरींवरून आमचा माग काढतो. मग तळघरासकट सगळेच संपलो. म्हणून धुकं दाट असताना एकानं जाऊन ती हलवून यायची. धुक्यात त्यांच्या ड्रोनला दिसत नाही. मीच गेलो असतो, पण ही कंबर शिडी चढू देत नाही. कुणी जायचं ते मी फळ्यावर लिहितो. भाचीचं नाव गाळलं, तर दुसऱ्याचं नाव कुठल्या तोंडानं लिहू?

माझा राग आला तरी पत्र बंद करू नकोस.
धाकटा

२० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझं म्हणणं पटलं, आणि पटूनही झोप लागत नाही. काल धुलाईत एका मुलीचा गणवेश आला, ठकीच्याच मापाचा. मी कॉलर उलटून नाव बघितलं. तिचं नव्हतं. मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते.

लहानपणी तुझ्या वाटणीचा मार मी खाल्लाय. तो आज वसूल करतेय असं समज. तू तिचा सर नंतर झालास, मामा आधी आहेस.

ताई

९ मे

ती. ताईस,
सा. न.

ठकीला काही झालेलं नाही, हे आधी लिहितो. लंबू गेला.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर ठकीचं नाव होतं. मी ते पुसून लंबूचं लिहिलं. तिला सांगितलं, पुढच्या चौकीवर नजर ठेवायला तुझाच हात हवा. ते खोटं होतं. लंबू तिच्या बाटलीतलं पाणी प्यायला आणि गेला. धुकं लवकर विरलं. तो शिडीवर असतानाच त्यांचा ड्रोन आला. ठकीला ते पडद्यावर दिसत होतं. ती रेडिओवर त्याला खाली उतर, खाली उतर म्हणत राहिली.

नंतर तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, आज कुणी जायचं होतं. मी म्हणालो, तू. त्यानंतर तिनं मला मामा म्हटलेलं नाही. पुढच्या खंदकांतल्या तुकडीत बदली मागितली. त्यावर माझीच सही लागत होती. मी केली.

वरिष्ठांना सगळं सांगून मला या पदावरून काढा म्हणालो. ते म्हणाले, कुणाला कुठे बसवायचं हा कमांडरचा अधिकार, यात चूक कसली. उलट शेजारची स्क्वाड्रनही माझ्याकडेच दिली. आता माझ्याकडे दोन तळघरं आहेत.

लंबूची आई तुझ्याच शहरात, स्टेशनमागे शिवणकाम करते. तो कर्तव्यावर असताना गेला एवढंच मी तिला कळवलं. पुढचं लिहवलं नाही. तू स्वतःला दोष देऊ नकोस, नाव पुसणारा हात माझा होता.

जमलं तर लोभ ठेव.
धाकटा

२ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

ठकीचं मला काही आलेलं नाही. तुला कळलं तर, काय असेल ते, कळव.

काल मी लंबूच्या आईकडे गेले. एकच खोली, खिडकीपाशी मशीन. मला गिऱ्हाईक समजून तिनं माप घ्यायची टेप गळ्यात घातली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जायची पाळी जिची होती ती मुलगी माझी, आणि तिला पाठवू नकोस म्हणून भावाला मीच लिहिलं होतं. ती टेप काढून गुंडाळत राहिली.

मग तिनं विचारलं, तिच्या जागी कोण जाणार हे ठाऊक असतं तरी लिहिलं असतंत का? माझ्या मुलाला, मला ओळखत असतात तरी?

तिच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी हो म्हणाले.

तिनं गुंडाळलेली टेप मशीनवर ठेवली. मग म्हणाली, मीही लिहिलं असतं. पण तिथे माझा कुणी भाऊ नव्हता.

ताई