ह्यांच्या हाकेची रेघ

२ एप्रिल
ह्यांच्या तेराव्यानंतर ढवळीला घेऊन दूध सोसायटीच्या चारा छावणीत आले. ढवळी वैरणीला तोंड लावते ते नावाला, दोन काड्या. बरगड्या दिसतात. ह्यांनी हाक मारल्याशिवाय गाय गव्हाणीला यायची नाही, सवय त्यांनीच लावली. भाऊजी म्हणाले, "वैनी, रविवारी बाजारात नेऊ. हितं मेली तर तुमीच रडाल." रविवारपर्यंत थांबा म्हटलं.

३ एप्रिल
भाऊजींची सुनीता अंबाजोगाईहून आली. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या कामासाठी तिनं ह्यांची हाक मोबाइलवर भरून घेतली होती. मला ठाऊक नव्हतं. ढवळीपुढं लावली. कान टवकारले, दाव्याला हिसके दिले, मोबाइल हुंगला. माणूस नाही. दिवसभर हंबरत होती. पुन्हा लावू नको म्हटलं. मलाही ते

४ एप्रिल
सु.चा लॅपटॉप. आवाज निघतो तशी पडद्यावर रेघ निघते, त्याच क्षणी. आवाज चढला की वर, उतरला की खाली. ह्यांची "ढवळेऽऽ" आधी सपाट, मग चढ, टोकाला थरथर, आणि तुटते. थरथर गेल्या उन्हाळ्यातली. म्हणजे दम तेव्हाच लागत होता. एकोणतीस वर्षं ह्यांच्या हाका ऐकल्या, कानाला कळलं नाही.
मी हाक मारली. माझी रेघ कितीतरी वर. सु. म्हणाली, "वरच असू द्या काकू, बाईचा आवाज हाय. आकार तेवढा जुळवा." अक्षरं शिकले तशीच ही शिकायची, बोट ठेवून.

५ एप्रिल
सकाळपासून हाकाच. पलीकडच्या दावणीची सखूबाई म्हणते, "गाय म्होरं उभी हाय की. हाका कुणाला मारतीस?" हसू आलं. किती दिवसांनी.
चढ जुळला. थरथर जमत नाही. मुद्दाम काढली की खोटी.

६ एप्रिल
घसा बसला. तशीच मारली. माझी रेघ वरून चालली होती, टोकाला एकदम खाली आली, ह्यांच्या रेघेवर बसली. बोटभर. मग पुन्हा वर. मी आवाज उतरवला नव्हता.
सु. म्हणाली, "आवाज घोगरा झाला की कधी कधी चुकतं ते. आवाजाची उंची निम्मीच मोजतं." असेल. पोर खोटं सांगत नाही. मी मात्र लॅपटॉप मिटायला लावला.

७ एप्रिल, शनिवार
उद्या बाजार. दिवस कलताना गव्हाणीशी उभी राहिले, घरी ते ज्या बाजूला उभे राहायचे त्याच बाजूला. हाक मारली. थरथर आपोआप आली.
ढवळी उठली. दोन पावलं आली, थांबली. माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या खांद्यामागं, जरा वर, त्यांच्या उंचीला. मग गव्हाणीत तोंड घातलं.
मी मागं वळले नाही. चांगली पेंढीभर खाल्ली तिनं. मग मान वर करून पुन्हा तिकडंच.
खाल्लं म्हणून भाऊजींना सांगेन. बाकीचं कसं