पश्चिमेच्या बाजूला काय लावावे

माघ वद्य ३, शके १८६०
कुंपणाचे काम आज आत्याबाईंनी माझ्या गळ्यात घातले. (सासूबाईच त्या. यापुढे आ.बा. लिहीन, शाई वाचेल.) म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात माळ पेटला तवा काट्याचं कुंपण जळत जळत गोठ्याला भिडलं. औंदा काय लावायचं ते तूच ठरव. तू शिकलेली हायस."
शिकलेली म्हणजे माहेरी अण्णांनी, वडिलांनी, घरी शिकवले तेवढी. त्यात झाडांचे काहीच नव्हते.
मामंजींची खोली पश्चिमेला, माळाच्याच बाजूला. अर्धे अंग गेलेले. गेल्या वर्षी चौघांनी खाटेसकट बाहेर काढले. यंदा चौघे वेळेवर मिळतील? हे आठवडाभर जवळाबाजारला, कापसाच्या अडतीवर; एखाद्या रात्री तेवढे घरी येतात. घरात आम्ही दोघी.

माघ वद्य ६
ज्याला विचारावे तो वेगळे सांगतो. शेळ्यावाल्या धुरपताबाई म्हणाल्या, शेर लाव, शेळी तोंड लावत नाही. आ.बा. म्हणाल्या, शेराचा चीक डोळ्यात गेला की डोळा जातो, दारात नको. हे म्हणाले, मेंदी लाव, दिसायला बरी. कुंपणाच्या कडेची मेंदी तर गेल्या वर्षी सगळ्यात आधी पेटली! यांना आठवत कसे नाही?
सगळ्यांचेच थोडे थोडे पटते. हाच माझा दोष.

माघ वद्य ९
चुलीत एकेक डहाळी घालून पाहिली. मेंदी लगेच पेटली. शेर नुसता फसफसला, बरे वाटले. थोड्या वेळाने फुटला आणि तोही जळला. मग कण्हेर घातली. आ.बा. तव्यावरची भाकर सोडून धावल्या, फांदी ओढून बाहेर फेकली.
"कण्हेर जाळून राहिली? भाकरीच्या चुलीत? सासऱ्याला जाळातून वाचवशील आन् धुरानं मारशील!"
तेवढी भाकर गाईलाही दिली नाही, खड्ड्यात पुरली. दिवसभर त्यांच्याकडे पाहायचे धाडस झाले नाही.
घायपाताचे हिरवे पान पेटेना. बुडचे वाळलेले पान मात्र कागदासारखे गेले. म्हणजे घायपात जळतो असे लिहू की जळत नाही असे?

माघ वद्य १२
धुरपताबाईंनी निवडुंगाच्या फड्या आणून दिल्या. लावल्यावर नीट पाहिले, एकीवर कापसासारखे पांढरे काही. चिरडले तर कीड निघाली, बोटे लाल.
"कुंकू लाव की, फुकटचं हाय," बाई हसल्या. मग म्हणाल्या, ओढ्याकाठचा सगळा निवडुंग असाच पांढरा होऊन वाळला.
"मग मला काहून दिला?"
"इथं न्हाई वाळायचा, असं वाटलं."
सगळ्या फड्या उपटून खड्ड्यात पुरल्या. हातात काटे.

फाल्गुन शुद्ध ४
शेवटी घायपात. वाळके पान रोज तोडायचे, आणि घर नि कुंपण यांच्यात जमीन उघडी ठेवायची, गवताची काडी नको. आ.बा. हसल्या, "अंगणापरीस माळच झाडून टाक." पण खराटा त्यांनीच घेतला.
काल स्वप्नात घायपात पेटला होता. हिरवाच.

फाल्गुन वद्य १
होळीचा विस्तव घरी आणून चूल पेटवायची, हा इथला रिवाज. मी काल म्हटले, यंदा नको, वारा आहे. आ.बा. म्हणाल्या, "मंग चूल कशावर पेटवू? तुझ्या घायपातावर?"
सकाळी घमेल्यात निखारे आणले. पश्चिमेच्या अंगाने आल्या. ठिणगी उडाली ती मामंजींच्या खिडकीवरच्या मांडवात. वेलमोगरा वरून हिरवा, आत वर्षानुवर्षांचा पाचोळा. धूर निघालाच. ओले गोणपाट मारून विझवला. मामंजी आतून विचारत होते, "काय जळून राहिलं?"
कुंपण तिकडे उभे, आणि जाळ त्याच्या अलीकडे! इतके दिवस मी माळाकडेच पाहत होते. वेल कोणी जमेत धरलाच नाही.

चैत्र शुद्ध ६, शके १८६१
वेल तोडावा, असे बोलले. आ.बा. म्हणाल्या, "त्येंनी हातानं लावलेला हाय. मी न्हाई सांगायची. तूच इचार."
हे म्हणाले, पावसापर्यंत थांब. अहो, पावसानंतर तोडून काय उपयोग?
नुसता पाचोळा काढून पाहिला. वरचा मांडवच गवताचा, वेल त्यात विणल्यासारखा. एक सोडवून दुसरे राहत नाही. आणि मामंजींना दिवसभर दिसते ते तेवढेच. जाळ येईल की नाही ठाऊक नाही. वेल तर आज आहे. मग कशाचे पारडे जड?

चैत्र शुद्ध ११
माळावर सकाळपासून धूर. नव्या गवतासाठी कोणीतरी वणवा लावला असेल, की आपोआप लागला, कळत नाही.
खाटेशी जाऊन विचारले, वेल तोडू का? मामंजींनी खिडकीकडे पाहिले.
"गेल्या साली खाट उचलली तवा वाटलं, मला टाकून पळालात तरी चालंल. वेलाचं काय घेऊन बसलीस?" मग म्हणाले, "आधी कळ्या खुडून घे. मंग तोड. बुडखा ठेव."
कळ्या आ.बा.नी पदरात घेतल्या. कोयता मी चालवला. मांडव उतरवून सगळे लांब नेऊन टाकले.
दुपार कलली आणि ऊन थेट खाटेवर आले. इतकी वर्षे वेल ते अडवत होता, हे कोणाच्याच ध्यानात नव्हते. तट्ट्या लावावा तर बांबूचा, तोही पेटणारच. गोणपाट ओले करून टांगले, घटकेत वाळले. खाट हलवू म्हटले तर मामंजी मान हलवतात, नको, माळ दिसू दे. त्यांनी चांगला हात डोळ्यांवर घेतला.
मी खिडकीत उभी राहिले. माझी सावली त्यांच्या तोंडापुरती पुरत होती. आ.बा. दारातून म्हणाल्या, "किती दिवस उभी राहशील, पोरी?"
ऊन उतरेपर्यंत उभी होते. पाठीमागे धूर होता, वळून पाहिले नाही.
उद्या दुपारी काय करावे?