समासातलं टिंब

सोमवार, ३ जून

छापखान्यात आज शिबिर. विषय — कामाच्या जागी नकळत होणारा भेदभाव. ‘इथे सगळे समान,’ शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या. तोच मॅनेजर माझ्याकडे वळले, ‘वहिनी, चहाचं जरा बघता का?’ माझं काम पुस्तकांचे गठ्ठे बांधायचं. पण चहा म्हटलं की सगळ्यांना मीच दिसते!

बाईंनी विचारलं, ‘डॉक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं?’ माझ्याही डोळ्यांपुढे चष्मेवाला बाप्याच आला. सख्खी भाची डॉक्टर आहे माझी! मान खाली घालून बिस्किटं वाटली.

गुरुवार, ६ जून

शिबिराचं फळ — मुद्रितशोधकाची जागा आता परीक्षेने भरणार. कागदावर नाव नाही, नुसता क्रमांक. ह्यांची जागा ती. हे गेले तेव्हापासून, तीन वर्षं, रिकामी. मला घेतलं ते गठ्ठ्यांवर.

मीही बसणार म्हटलं. बाइंडर हसला, ‘सातवी पास, आणि चुका काढणार?’

‘तुझ्या बांधणीतल्या रोज काढते की!’

सोमवार, १० जून

दिली. सोळा पानं, एक्केचाळीस चुका. क्रमांक सात.

बुधवार, १२ जून

सात नंबर पहिला! मॅनेजर कागद नाचवत आले. ‘काय नजर आहे गड्याची!’ मी सुतळीची गाठ मारत राहिले. मग नावांचं पाकीट फोडलं. चेहरा बघण्यासारखा झाला.

जरा वेळाने जवळ आले. ‘वहिनी, खरं सांगा. शंका मिटली की ओळीपुढे समासात बारीक टिंब — ही तर दादांची खूण. त्यांचे जुने कागद गिरवलेत ना?’

जागा हातची जाते की काय! म्हटलं, ‘त्यांच्याकडूनच शिकले.’

‘तरीच!’ त्यांचा जीव भांड्यात पडला. जागा मला दिली. ‘दादांची नजर घरातच राहिली म्हणायची.’

सोमवार, १७ जून

ह्यांच्या खुर्चीवर बसले. समोर ह्यांचा फोटो, खाली पाटी — ‘अशी नजर पुन्हा होणे नाही.’ शेवटची पाच वर्षं ह्यांना अक्षर दिसत नव्हतं. कुणाला कळू देऊ नकोस, एवढंच म्हणाले होते. कागद घरी आणायचे. मी वाचायचे, मी टिंब द्यायचे, हे नुसते ‘हं’ म्हणायचे.

आज पहिलं टिंब दिलं, आणि ‘हं’ ऐकायला थांबले.