सातपुडा व्हिजनचा अधिकृत इतिहास

सारंगखेडा, मंगळवार

ती. गजराताईच्या सेवेशी,

धाकट्या भटूचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली पुरतं वाकता येत नाही, उरलेलं वाकणं मनातल्या मनात धरून घे.) दाजींचं ब्लडप्रेशर आणि दाजींच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या, दोन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. मध्यंतरी मी आणि ईश्वरनाना अकरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो, पण आता मिटलं. कसं मिटलं ते पुढे येईलच.

झालं असं, की आपली सातपुडा व्हिजन केबल या शनिवारी बंद होतेय. तीस वर्षं चालली. आता लोक सगळं मोबाइलवर पाहतात. नऊशे घरांची एकसष्ट उरली, तीही आपल्या गावच्या चॅनलसाठी (हळदीचे कार्यक्रम, हरवलेल्या शेळ्या, आणि यात्रेतले घोडे). नानाची सून स्वप्नाली म्हणाली, बंद करायची तर मानानं करू. शेवटच्या दिवशी चॅनलवर कंपनीचा इतिहास वाचून दाखवू आणि पुस्तिकाही छापू. पुण्याला शिकलेली मुलगी. तिनं मला मथळ्यांचा एक कागदच दिला: संस्थापक, ध्येय, वाटचाल. मी शाळेत एकोणतीस वर्षं कारकुनी केलेली, अक्षर बरं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. (ध्येयावर माझे दोन दिवस गेले. वरच्या गल्लीतल्या केबलवाल्याच्या आधी चित्र आणायचं, एवढंच आपलं ध्येय होतं, आणि ते काही छापण्यासारखं नाही.)

आधी नानाकडे गेलो. त्यानं पायावर पाय टाकून दोन तास इतिहास सांगितला. त्यात उपग्रहाची दिशा त्यानं शोधली, छत्री त्यानं बसवली, पहिलं चित्र त्यानं आणलं. माझा उल्लेख एकदाच आला: ‘शिडी धाकट्या भावाने धरली.’ ताई, मी त्या उन्हात गच्चीवर होरपळलो, पान्यानं अंगठा फोडून घेतला, आणि माझ्या वाट्याला शिडी! मी तसं बोललो, तो उलट बोलला, आणि अकरा दिवस सुरू झाले.

मग म्हटलं, साक्षीदार शोधू. आप्पांना टीव्हीचा राग, म्हणून आपल्या घरात टीव्हीच नव्हता. गच्चीवरची पहिली तार समोरच्या बेबीबाईंच्या घरी गेली होती, तुला आठवत असेल. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण स्मरणशक्ती भयंकर. (माझी दहावीची टक्केवारी त्यांनी सुनेसमोर सांगितली.) मी विचारलं, काकू, तुमच्या टीव्हीवर पहिलं चित्र कोणी आणलं, नानानं की मी? त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, “तुम्ही दोन्ही भाऊ तं जिनाखाले भांडी ऱ्हायंतात. छत्री गजरानी ढकली!”

मी चहाची बशी खाली ठेवली. त्यांनी सगळं सांगितलं. चैत्र महिना, टीव्हीवर सकाळपासून नुसत्या मुंग्या, आणि दक्षिण कुठे यावर वाद घालत आम्ही दोघं खाली उतरलेलो. तू वर कुरडया घालत होतीस. छत्रीची सावली नेमकी तुझ्या कुरडयांवर पडत होती. तू वैतागून छत्रीला दोन्ही हातांनी ढकललंस, आणि समोरच्या घरातून आरोळी आली की चित्र आलं! आम्ही धावत वर पोचेपर्यंत तू पाठ फिरवून निमूटपणे सोऱ्या दाबत होतीस. संध्याकाळी बेबीबाईंनी विचारलं तेव्हा तू त्यांना म्हणालीस, “भाऊसले सांगू नका, बिचारा खूश शेतस.” महिन्याभरात तुझं लग्न झालं, तू नवापूरला गेलीस, आणि आम्ही दोघं तीस वर्षं संस्थापक म्हणून नारळ फोडत फिरलो.

घरी येऊन मी ते सगळं लिहिलं आणि तडक नानासमोर ठेवलं. तो आधी ओरडला, “मन्ही कंपनी कुरडयासवर उभी शे का?” मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाला, भटू, खरं आहे ते छाप, संस्थापक म्हणून गजराचं नाव टाक. आम्ही गळ्यात गळा घालून रडलो. स्वप्नालीही रडली. एकूण दृश्य फार चांगलं झालं.

तरी शनिवारी संध्याकाळी चॅनलवर इतिहास वाचला जाईल. दाजींना व मुलांना आशीर्वाद कळवणे. (दाजी माझ्याहून मोठे आहेत, तेव्हा त्यांना नमस्कार.)

तुझा,
भटू

ता.क. संस्थापकांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसावं असं स्वप्नालीचं म्हणणं आहे. सकाळच्या गाडीनं निघ. नंदुरबारला मी घ्यायला येतो.

ता.क. २ आता खरं लिहितो. नानाला मी अजून काहीच दाखवलेलं नाही. वरचं रडणं वगैरे, तो असा वागला तर बरं होईल म्हणून लिहिलं. (ओरडण्याचा भाग मात्र नक्की होईल.) बारावा दिवस आहे, तो माझा फोन उचलत नाही. तुझा उचलेल. तेवढं तूच त्याला सांग. पत्राचं खरं कारण हेच.

ता.क. ३ पाकीट चिकटवत होतो आणि नाना दारात उभा. पकड मागायला आलो म्हणाला. पत्र त्याच्या हाती लागलं. उभ्याउभ्या सगळं वाचलं, ओरडला नाही. माझा पेन मागितला. खालचं अक्षर त्याचं आहे, लागेल तसं लावून घे.

गजरा, मी रडलो वगैरे नाही. पण त्या दिवशी बोल्ट आवळायला वर गेलो तेव्हा छत्रीच्या काठावर कुरडयांच्या चिकाची दहा बोटं उमटलेली होती. मीच ती रुमालानं पुसली. पुसायला नको होती. शनिवारी ये. — ईश्वर